बिनसाखरेचा पाहुणचार

भगवंतरावांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख माझ्यामुळे हुकली. मी ती चांगल्या मनाने हुकवली, ही त्यातली जास्त वाईट गोष्ट. मुद्दाम काही केलं असतं तर निदान शिव्या खाऊन मोकळा झालो असतो.

झालं असं की मी बी.एस्सी. आहे. तेही उदगीरच्या कॉलेजातून, रसायनशास्त्र घेऊन. अठ्ठ्याण्णव साली कंप्यूटर शिकायला हैदराबादला आलो, तेव्हा अमीरपेठेतल्या क्लासवाल्यांना या पदवीचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून तिचा उपयोग मी घरमालकांवर केला. घरमालक म्हणजे भगवंतराव. सुलतान बाजारच्या एका गल्लीत, साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं, आणि त्यातली मागची खोली माझी. वय सत्तरीला टेकलेलं, अंगाने उंच, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि रक्तात साखर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, साखर खाली आणा, डावा डोळा आधी करू. चहा बंद, गोड बंद. तारीखही देऊन टाकली होती.

"चहा बंद तर पियाचं काय?" भगवंतराव दिवसभर विचारत.

"मोसंबीचा रस," मी म्हणालो. "फळातली साखर ही साखर नसते काका. ती नैसर्गिक असते."

'नैसर्गिक' हा शब्द मी इतक्या ठसक्यात उच्चारला की घरात कुणी पुढे विचारलंच नाही. दर रविवारी मी कोत्तापेटच्या फळबाजारातून पिशवी भरून मोसंबी आणू लागलो. तिकडे तिला बत्तायी म्हणतात. सकाळ-संध्याकाळ हातयंत्रावर पिळून मोठा ग्लास भरून मीच काकांच्या हातात द्यायचो. काका डोळे मिटून प्यायचे आणि म्हणायचे, "वा रे कंप्यूटर! दवा असावी तर अशी." कंप्यूटर म्हणजे मी.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मग काकांकडे पाहिलं.

"रोज काय काय घेता?"

उत्तर मीच दिलं. अभिमानाने.

"चार मोसंब्यांची साखर एका दमात," त्या म्हणाल्या. "आणि चोथा फेकून देता? तुम्ही कोण यांचे?"

"भाडेकरू."

"मग भाडं द्या फक्त," असं म्हणून त्यांनी तारीख खोडली.

ऑटोत परतताना सत्यवतीकाकू, म्हणजे काकांची बायको, खोडलेल्या तारखेचा कागद मांडीवर दाबून बसल्या होत्या. काका मात्र खुशीत होते. "वाढली ती वाढली, पण रस क्या था!" कोटी भागातल्या चौकात ऑटो अडकला, तेव्हा त्यांनी बाहेर पाहत विचारलं, "सिनेमाचं पोस्टर लागलंय का रे तिथं? कोणाचं आहे?" तिथे पोस्टर नव्हतं. एका बँकेची भलीमोठी नवी पाटी होती. मी काहीतरी नाव सांगून टाकलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर.

डोळे त्यांना कशासाठी हवे होते, ते सांगायला हवं. सिनेमासाठी नव्हेत.

भगवंतराव मूळचे निलंग्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. निजामाच्या राज्यात शिकले ते उर्दूतून. घरात मराठी, शाळेत उर्दू, नोकरी पाणीपुरवठा खात्यात, तीही उर्दूत. मराठी वाचायचे, पण दुकानाची पाटी वाचावी तसं, एकेक अक्षर टेकत टेकत. उर्दू मात्र त्यांच्या तोंडून नळाला पाणी यावं तशी यायची. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, कचेरीतले अर्धेअधिक मराठी कारकून औरंगाबादला गेले. हे गेले नाहीत. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "निकलतच होतो. मग कोणीतरी चाय आणली." याच्यापलीकडे कारण मला आजवर कळलेलं नाही, आणि मला वाटतं नव्हतंच.

रिटायर झाल्यावर ते सकाळी अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीत जाऊन वाचत बसायचे, आणि संध्याकाळी पाचला घराच्या गॅलरीत त्यांची बैठक भरायची. बैठक म्हणजे तीन माणसं. एक हे. दुसरे रशीदुद्दीनसाहेब, गणिताचे निवृत्त मास्तर, काकांचे शाळेपासूनचे दोस्त. तिसरे मुकुंदराव, शेजारच्या गल्लीतले, बँकेतून निवृत्त, ज्यांना उर्दू फारशी कळत नसे पण चहा कळत असे. काका उर्दू पेपर मोठ्याने वाचायचे. नुसतं वाचणं नव्हे. पुढाऱ्याचं भाषण पुढाऱ्याच्या आवाजात, आणि निधनवार्ता इतक्या अदबीने की मुकुंदराव अनोळखी माणसासाठीही हळहळायचे. खालच्या साड्यांच्या दुकानातला नोकर जिन्यात येऊन उभा राहायचा. खात्यात असतानाही म्हणे लोक आपले अर्ज यांच्याकडून वाचून घ्यायचे. स्वतःचीच तक्रार यांच्या तोंडून ऐकली की लोकांचं निम्मं समाधान तिथेच व्हायचं.

डोळे गेले आणि पेपर रशीदसाहेबांच्या हातात गेला. साहेब भला माणूस, पण वाचायचे पाढे म्हटल्यासारखं. महापूर आणि सोन्याचा भाव एकाच चालीत. काका ऐकताना खुर्चीचा हात घट्ट धरून बसायचे. एकदा मला म्हणाले, "कंप्यूटर, तू वाच की." मी पेपर हातात घेतला. त्यांनी नुसता त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "उलटा धरलास."

तर डोळे याच्यासाठी हवे होते.

आता घोळ असा की हीच बैठक त्यांची साखर वाढवत होती. डॉक्टरीणबाईंनी मोसंबी पकडली, पण चहा त्यांना पकडता आला नव्हता. चहा बंद म्हणजे एकट्याने पिण्याचा चहा बंद, असा काकांनी अर्थ लावला होता. पाहुणा आला की त्याला चहा, आणि त्याच्याबरोबर यांनाही. पाहुणा एकटा पितोय आणि घरधनी नुसता बघतोय, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. शिवाय घरात दोन प्रकारची प्याली नाही. पाहुण्याला तीन चमचे साखर, तर यांनाही तीन चमचे. आणि पाहुणे काय, बैठकीचे दोघेच थोडे असतात? वीजबिलवाला, केबलवाला, माझ्या क्लासची पोरं, सगळेच पाहुणे.

मी एकदा काकूंना विचारलं, हे कुठून आलं यांच्यात. त्या मोसंबीच्या साली पसरत होत्या. माझ्या रसापायी घरात सालींचा ढीग झाला होता, आणि शिकेकाईत घालायला म्हणून त्या गॅलरीभर वाळत पडल्या होत्या.

"बारा-तेरा वर्षांचे होते," त्या म्हणाल्या. "वडलांनी इथं आणून लांबच्या नातेवाइकाकडं ठेवलं. मोठं घर. पहिल्या दिवशी यांना चहा दिला, पण तो वेगळ्या कपात, आणि सगळे समोर बसून बघत राहिले. कोणी पिलं नाही. यांना वाटलं, आपलं काय चुकलं? ढकलू ढकलू पिलं कसंतरी. जीभ भाजली. तीन वर्षं राहिले त्या घरात, पण त्या चायचा विषय अजून काढतात." मग साल उलटी करत म्हणाल्या, "मला चाळीस वर्षं झाली या घरात. अजून एकदाही माझ्याआधी किंवा माझ्यामागून नाही पिले. माझ्यासंगंच."

तारीख हुकल्याच्या दुसऱ्या दिवशी याच काकूंनी बैठक बंद केली. जिन्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि रशीदसाहेबांना सांगितलं, "भाईसाब, डोळा झाला की या. तोपर्यंत नको." साहेबांनी मान डोलावली, छत्री बगलेत धरली आणि गेले. मुकुंदरावांना बातमी वाटेतच लागली असावी, ते आलेच नाहीत.

काका पाच वाजता गॅलरीत येऊन बसले. समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या. साडेपाचला उठून आत गेले. असं रोज चाललं. जेवण कमी झालं, झोप वाढली. साखरेचं माहीत नाही, पण माणूस उतरायला लागला.

आठवड्याभराने काकूंनीच मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"किशोर, तू बी.एस्सी. ना?"

"हो काकू." या प्रश्नाला आता मी घाबरायला लागलो होतो.

"मग असं काहीतरी कर, की साखर नाही, पण पाहुण्याला द्यायला लाज नाही वाटणार. तेच यांनाही, तेच त्यांनाही. नुसतं लिंबूपाणी नको, ते ताप आल्यावर देतात. ताक नको, ते जेवल्यावर. बैठकीत देतात तसं पाहिजे. दाट. रुबाबदार."

"पण साखरेशिवाय..."

"मोसंबी तूच आणलीस घरात. आता निस्तर."

काकूंकडे एक मिक्सर होता. 'भाग्यलता' नावाचा, बालानगरकडच्या कुठल्याशा छोट्या कारखान्यात बनलेला, रंगाने पोपटी, आवाजाने रोडरोलर. आम्ही त्याच्यावर प्रयोग सुरू केले. पहिल्या दिवशी दूध घेतलं, त्यात लिंबू आणि मोसंबी. रसायनशास्त्राच्या पदवीधराला जे आधी कळायला हवं होतं ते भांड्याचं झाकण काढल्यावर कळलं. दूध फाटून चोथा वर, पाणी खाली.

"पनीर केलंस," काकू म्हणाल्या. "चांगलं झालंय. पण हे पियाचं कसं?"

दुसऱ्या दिवशी दूध सोडून त्यांनीच दही घेतलं, फडक्यात टांगून घट्ट चक्का केलेलं. "जे एकदा फाटलंय ते आणखी काय फाटणार," असं त्यांचं म्हणणं. ते टिकलं. पण चव ताकाची. मग मी बेगम बाजारात जाऊन मगज आणला, म्हणजे कलिंगडाच्या सोललेल्या बिया. त्या सकाळी भिजत घालून, चार बदाम टाकून, नारळाच्या पहिल्या दाट दुधात वाटल्या. आता पोत आला. चमच्यावरून सावकाश उतरेल असं मऊ, सायीसारखं. नुसती साय घालून पाहिली होती, ती तोंडाला चिकटली.

काका चव घेणारे. डोळ्यांचं काम सुटल्यापासून त्यांची जीभ आणि नाक भलतंच चिकित्सक झालं होतं. एक घोट घ्यायचे, थांबायचे.

"दाट आहे. थंड आहे. पण बात नहीं बनी. हे पिऊन कोणी परत येणार नाही."

मी औषधाच्या दुकानातून गोडीच्या गोळ्या आणल्या, साखरेऐवजी घालतात त्या. एक घोट घेऊन काकांनी ग्लास खाली ठेवला. "हे गोड नाही. हे गोड असल्याचं सर्टिफिकेट आहे." गोळ्यांचा विषय संपला.

मोसंबीचा रस घालायला तर मला बंदीच होती. घालायचं ते लिंबू, आणि वासापुरत्या मोसंबीच्या दोनच फोडी, चोथ्यासकट. पण दोन फोडींचा वास मगजात कुठच्या कुठे हरवायचा.

चौथ्या का पाचव्या दिवशी काका गॅलरीतून आत येता येता थांबले. सालीवर पाय पडला होता. नुकत्याच काढलेल्या, ओल्या. त्यांनी वाकून ती उचलली, नाकाशी दुमडली आणि उभेच राहिले.

"सत्यवती, मोजमजाही मार्केटात फळं होती तवा आठवतं? ट्राम नव्हती, काही नव्हतं, पायी जायचो. आत शिरल्यावर अगोदर काय यायचं? चव यायची का? वास यायचा. खिशात एक दमडी नाही, अन् तोंड गोड." साल माझ्या हातात देत म्हणाले, "हे टाक की."

मी लगेच अख्खी साल मिक्सरमध्ये टाकली. तो ग्लास आम्ही तिघांनी एकेक घोट घेऊन मोरीत ओतला. कडू जहर. मग काकूंनी आल्याची बारीक किसणी काढली, आणि नव्या मोसंबीची फक्त वरची हिरवी-पिवळी त्वचा किसली, आतल्या पांढऱ्याला हात न लावता. तो चिमूटभर कीस, लिंबू, दोन फोडी, चक्का, मगज, नारळाचं दूध, बर्फ आणि कणभर मीठ.

काकांनी घोट घेतला. थांबले. मग दुसरा घेतला. मग काकूंकडे ग्लास केला, "तू पी. माझ्यासंगं."

काकूंनी घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा माणसासारखं पाहिलं. गोड नव्हतं ते. पण नाकात मोसंबी भरली की जीभ आपोआप समजूत करून घ्यायची. एकच खोड होती: करून ठेवलं की थोड्या वेळाने कडवटपणा चढायचा. म्हणजे पाहुणे बसले की करायचं, आणि केलं की प्यायचं.

"उद्या बोलव दोघांना," काकू म्हणाल्या. "पण अहो, ऐका. त्यांनी साखर मागितली तर?"

काकांनी ओठ पुसले. "मागितली तर द्यावी लागेल."

"आणि तुम्ही?"

"मग मीही घेईन. घरात दोन प्रकारची प्याली नाही."

"मग डोळा?"

काका गॅलरीकडे वळले. काकूंनी हातातली किसणी जरा जास्तच जोरात आपटली. मला वाटलं होतं सरबत जमलं म्हणजे सगळं जमलं. आता कळलं की काकांच्या डोळ्याचा निकाल डॉक्टरीणबाई लावणार नव्हत्या, मुकुंदराव लावणार होते.

दुसऱ्या दिवशी पाचला दोघे आले. रशीदसाहेब इस्त्रीच्या शेरवानीत, जणू ईदची भेट. मुकुंदराव जिन्यातूनच म्हणाले, "वहिनी, तुमचा चहा आठवून आठवून दोन आठवडे काढले हो."

आणि त्याच वेळी मी दुसरा घोळ घातला. भांडं धुऊन ठेवायचं काम माझं होतं. मिक्सरच्या भांड्याच्या तळाशी, पात्याच्या खाली, एक रबराचं कडं असतं. ते निघून हातात आलं. ओलं होतं, म्हणून मी ते वाळायला गॅसच्या शेगडीवर, बंद बर्नरच्या कडेला ठेवलं. शेजारचा बर्नर चालू होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. वास आला तेव्हा रबर निम्मं उरलं होतं.

काकूंनी ते चिमट्याने उचलून पाहिलं. बाहेरून काकांचा आवाज आला, "सत्यवती, होऊन राहिलंय का?"

"हौ!" काकू ओरडल्या, आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "पायजमा घातलायस?"

"अं?"

"नाडी काढ."

मी एका हाताने पायजमा धरून उभा, आणि काकू माझी धुतलेली पांढरी नाडी दुहेरी करून भांड्याच्या खोबणीत आवळून बसवताहेत, असं ते दृश्य होतं. भाग्यलता सुरू झाला. गळला, पण थोडाच. खाली पातेलं धरलं होतं. चार ग्लास निघाले. "जा घेऊन," काकू म्हणाल्या. "आणि उद्या रबर आणून दे."

"उद्याच आणतो काकू."

एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात पायजमा, असा मी गॅलरीत गेलो.

रशीदसाहेबांनी ग्लास नाकाजवळ नेला, मग ओठांना लावला. डोळे मिटले. "भगवंतराव, इसमें क्या है?"

"मोहब्बत है साहब."

"मोहब्बत इतनी खट्टी?"

"चालीस साल पुरानी है," काका म्हणाले, आणि दारामागून काकूंचं हुं ऐकू आलं.

सगळं ठीक चाललं होतं. मग मुकुंदरावांनी एक घोट घेतला, ग्लास लांब धरून बघितला, आणि अगदी निरागसपणे म्हणाले, "फस्क्लास आहे. पण वहिनी, साखर राहिली वाटतं. जरा दोन चमचे आणता?"

काकू दारात आल्या होत्या, तिथेच उभ्या राहिल्या. काकांचा चेहरा मी पाहत होतो. त्यांना समोरचं धूसर दिसायचं, पण त्या क्षणी ते अगदी नीट, दारातल्या काकूंच्याच दिशेने बघत होते. मग म्हणाले, "आण साखर. दोघांसाठी."

काकू हलल्या नाहीत.

"भाभी," रशीदसाहेब म्हणाले, "तीन के लिए मत लाना. मेरे कू नक्को."

"का हो साहेब?" मुकुंदराव म्हणाले. "तुम्ही तर चहात चार चमचे घेता."

साहेबांनी ग्लास मांडीवर धरला. गणित सोडवताना मास्तर क्षणभर थांबतात, तसे थांबले. "मेरे कू शुगर है मियाँ. नऊ वर्षं झाली."

काका खुर्चीत पुढे झाले. "क्या?"

"हौ."

"अन् चार चमचे? रोज? माझ्या घरी?"

"आप पिलाते थे, हम पीते थे. घरी जाऊन गोळी घ्यायचो. बेगम ओरडायची."

"बोले कायकू नहीं?"

"बोलतो तर तुम्ही काय केलं असतं?" साहेब हसले. "माझ्यासाठी बिनसाखरेची केली असती, अन् संगं तुम्हीपण तीच पिली असती. तुमचा शौक मेरे वजहसे कायकू जाये? मला वाटायचं, भगवंतरावला गोड आवडतं."

"मला कधी गोड आवडलं रे!" काका जवळजवळ ओरडले. "तुला आवडतं बोल्के तीन चमचे! मी तर..."

ते थांबले. खालून दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. नऊ वर्षं दोन म्हातारे रोज पाचला समोरासमोर बसून, एकमेकांचा मान राखण्यासाठी एकमेकांना साखर पाजत होते, आणि दोघांच्याही बायका घरी रागावत होत्या. मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. पायजमाही धरून ठेवायचा होता.

शेवटी काका म्हणाले, सावकाश, एकेक शब्द चाचपत, "सत्यवती, मुकुंदरावला साखर दे. एकट्याला. आम्ही दोघं अशीच पिऊ."

मला वाटतं हे वाक्य म्हणायला त्यांना सत्तर वर्षं लागली. निलंग्याचा तो मुलगा जीभ भाजत एकटा चहा पीत बसला होता, आणि आज तोच माणूस म्हणत होता की पाहुण्याने वेगळं प्यावं, आपण वेगळं पिऊ, आणि तरी कुणाचा अपमान होणार नाही.

मुकुंदरावांनी ग्लासावर तळहात ठेवला. "नको नको वहिनी. या घरात मी एकटाच निरोगी निघालो, आणि त्याची शिक्षा मला एकट्याला?" मग उरलेलं एका दमात प्यायले आणि ग्लास पुढे केला. "आणखी आहे का?"

पातेल्यात गळलेलं होतं. काकूंनी तेच ओतलं.

बैठक पुन्हा सुरू झाली, माझ्या नाडीच्या भरवशावर. तेव्हापासून चहा सकाळचा एकच, बिनसाखरेचा. बाकी वीजबिलवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांना मोसंबीचं ते. केबलवाला तर महिना भरायच्या आधीच येऊ लागला. रशीदसाहेबांच्या घरून निरोप आला, भाभींना सलाम सांगा, आणि किसणी कुठली वापरता ते विचारा. साखर एकदम नाही, पण हळूहळू उतरत गेली. डॉक्टरीणबाईंनी नवी तारीख दिली, आणि मला पाहून म्हणाल्या, "भाडं देता ना वेळेवर?"

दसऱ्याच्या थोडं आधी ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी काकांनी आधी काकूंकडे पाहिलं, बराच वेळ, आणि म्हणाले, "केस पांढरे झाले की गं."

"तुमचे काय निळे झालेत?" काकू म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग काकांनी मला पाहिलं. वरपासून खालपर्यंत. "कंप्यूटर, तू असा आहेस? मी आपला गोरा समजत होतो." मग पेयाचा ग्लास उजेडात धरला. इतके महिने ते न बघताच पीत होते. "हे हिरवट आहे? मला वाटलं दुधासारखं असेल. बरं झालं आधी दिसलं नाही. पिलो नसतो."

त्या संध्याकाळी रशीदसाहेबांनी पेपर आणला आणि दोन्ही हातांनी, खिताब द्यावा तसा, काकांच्या हातात दिला. काका खाकरले. पहिलंच पान उघडून वाचायला लागले. काय बातमी होती ते मला कळलं नाही, उर्दू मला आजही येत नाही. पण साड्यांच्या दुकानातला नोकर जिन्यात येऊन उभा राहिला, एवढं मी पाहिलं.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. दोन हजार साल उजाडताना जगभरची कंप्यूटरं बंद पडणार म्हणून आमच्यासारख्यांना अचानक भाव आला होता. बंद पडली नाहीत, पण माझी नोकरी राहिली.

रबर राहिलं. दुसऱ्या दिवशी मी खरंच बेगम बाजारात गेलो होतो. भांड्यांच्या तिसऱ्या दुकानात एक म्हातारा शेटजी म्हणाला, "भाग्यलता? वो कारखाना तो कब का बंद हो गया. अब बड़ी कंपनियों का माल आता है. नया ले लो, तीन जार वाला." नवा घ्यायचा विषय मी काकूंजवळ काढला, तर त्या म्हणाल्या, "मिक्सर चांगला आहे. तू रबर जाळलंस, रबर दे." पुण्यात आल्यावर रविवार पेठेत, बोहरी आळीत विचारलं. लोक कड्याचं माप विचारतात. ते मला माहीत नाही. निम्मं जळलेलं होतं.

रविवारी एस.टी.डी. बूथवरून फोन करतो. काका आधी येतात, आता उजवा डोळाही झालाय, रशीदसाहेबांची साखर कशी आहे ते सांगतात, मुकुंदरावांची टिंगल करतात. मग काकू फोन घेतात. जेवलास का, कुठं जेवलास, मोसंबी मिळते का तिकडं.

"मिळते काकू."

"नुसता रस पिऊ नको."

"नाही पीत."

"नाडी अजून टिकून आहे," त्या म्हणतात. "पण आता सैल व्हायलीय. रबर कधी आणतोस?"

"या वेळी नक्की," मी म्हणतो.